हवेतून पाखडलेला गुरू

दुर्बिणीतून ग्रहाचे छायाचित्र घेताना पहिली अडचण कॅमेऱ्याची नसते, आकाराची असते. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे १८०० विकला रुंद दिसतो. गुरू पृथ्वीजवळ आला, तरी पन्नास विकलांच्या पलीकडे फारसा जात नाही. चंद्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत असे पस्तीसेक गुरू ओळीने मावतील. शनीचे बिंब गुरूच्या निम्म्याहूनही लहान असते. मंगळ तर दोन-सव्वादोन वर्षांतून एकदा काही आठवडे मोठा होतो, एरवी नुसता ठिपका. नवशिक्याकडे बहुधा सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर आरशाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण असते. तिच्या नाभीवर गुरूची प्रतिमा पाव मिलिमीटरच्या आसपास पडते, खसखशीच्या दाण्यापेक्षाही बारीक.

पहिला प्रयत्न बहुतेक वेळा मोबाइलने होतो, आणि तसाच तो व्हावा. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, फोन धरला की पडद्यावर एक पांढराफटक गोळा उमटतो. चहूबाजूंचा अंधार पाहून फोन उजेड वाढवत राहतो आणि ग्रह करपतो. पडद्यावरच्या गोळ्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड अडकून राहतात. मग उजेडाची खूण खाली ओढत न्यायची. पांढऱ्यातून हळूहळू फिकट पिवळे बिंब निघते आणि त्यावर तपकिरी रंगाचे दोन आडवे पट्टे दिसू लागतात. त्याच वेळी गुरूच्या शेजारचे त्याचे चंद्र नाहीसे होतात. चंद्र हवे असतील, तर बिंब करपू द्यावे लागते. आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो आणि पट्टे असे सगळे एकत्र दाखवणारी चित्रे बहुधा दोन वेगळ्या चित्रांची जोड असतात. हाताची थरथर टाळण्यासाठी आयपीसवर बसणारा फोनचा क्लॅम्प मिळतो. दुर्बिणीनंतर पहिला खर्च करायचा तो त्यावर.

यापुढचा खरा अडथळा म्हणजे हवा. तारे लुकलुकतात, त्याच कारणाने दुर्बिणीतला ग्रह पाण्याखालच्या नाण्यासारखा हेलकावतो. कमीजास्त तापमानाचे हवेचे थर एकमेकांत मिसळत असतात आणि प्रत्येक थर प्रकाश थोडा वेगळा वळवतो. मधूनच सेकंदाच्या एखाद्या अंशापुरती हवा थांबते आणि बिंब लख्ख दिसते. डोळा असे क्षण टिपून ठेवतो, पण फिल्मवर चांगले-वाईट सगळे एकमेकांत मिसळून जायचे. म्हणूनच विसाव्या शतकात बराच काळ सरावलेल्या निरीक्षकांनी हाताने काढलेली ग्रहांची रेखाटने फोटोंपेक्षा जास्त तपशील दाखवत होती.

हे चित्र पालटले ते व्हिडिओमुळे. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये गणिताने दाखवले, की पुष्कळ क्षणिक चित्रे घेतली तर त्यांतली काही नशिबाने स्वच्छ निघतातच. मात्र दुर्बिणीचा व्यास वाढला की हे नशीब झपाट्याने आटते. लहान दुर्बीणवाल्याच्या बाजूने असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. साध्या वेबकॅम दुर्बिणीला लागू लागल्यावर २००० नंतरच्या वर्षांत हे तंत्र हौशी मंडळींच्या हाती आले. एक फोटो काढायचा नाही. हजारो फ्रेम भरून घ्यायच्या आणि सुपात धान्य पाखडावे तशा पाखडायच्या.

त्यासाठीचा ग्रह-कॅमेरा आयपीसच्या जागी बसतो आणि त्याची केबल लॅपटॉपला जाते. मोठा डीएसएलआर इथे फारसा उपयोगी नाही. त्याच्या पाच हजारांहून अधिक पिक्सेलच्या रुंदीत गुरूच्या वाट्याला साठेक पिक्सेल येतात. २.९ मायक्रॉन पिक्सेलचा छोटा सेन्सर आणि मध्ये दुप्पट करणारी बार्लो लेन्स घेतली, तर तोच गुरू सुमारे १८० पिक्सेल रुंद होतो. दुर्बिणीचे एफ-गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या पाचपट असावे, असा ढोबळ हिशेब आहे. इथे तो साडेचौदा येतो आणि बार्लो लावलेली ही दुर्बीण सोळावर असते. याहून मोठे करण्याचा मोह आवरावा. चित्र मोठे होते, तपशील तेवढाच राहतो आणि अंधूकपणा वाढतो.

दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवावी. आरसा घरातली ऊब सोडत असेपर्यंत नळीतच हवा उकळत असते. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅबही रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. अंगणातली माती किंवा हिरवळ त्यापेक्षा बरी. आरसे एका रेषेत आहेत की नाहीत, तेही तपासून घ्यावे. शहरातल्या दिव्यांचा मात्र ग्रहांना फारसा त्रास नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याची गच्ची या कामाला चालते. ग्रह क्षितिजाजवळ असेल, तर हवेमुळे त्याची एक कड तांबडी आणि दुसरी निळी होते, म्हणून तो वर येईपर्यंत थांबायचे. या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, गुरू मिथुन राशीत होता आणि मध्यरात्री पुण्याच्या जवळपास डोक्यावर आला होता. साध्या डॉब्सोनियन बैठकीवरची दुर्बीण नेमकी डोक्यावर धरताना मान आणि मनगट दोन्ही कुरकुरतात, हा भाग वेगळा.

सर्वांत जास्त वेळ खातो तो फोकस. ग्रहाची कड मऊ असते, त्यामुळे त्याच्या एखाद्या चंद्रावर फोकस करणे सोपे जाते. तो लहानात लहान टिंब झाला की जमले. बटणाला हात लागताच सगळे चित्र डोलते. तेव्हा थोडे फिरवायचे, हात काढायचा, डोलणे थांबले की पाहायचे आणि पुन्हा थोडे फिरवायचे.

बैठकीला मोटर नसेल, तर ग्रह आपोआप सरकत राहतो, कारण पृथ्वी फिरत असते. त्याला चौकटीच्या एका कडेला आणून सोडून द्यावे. दुसऱ्या कडेला पोचायला त्याला अर्धा मिनिट लागतो. सेकंदाला शंभर फ्रेम धरल्या, तर तेवढ्यात तीन हजार फ्रेम आणि सहा जीबीची फाइल तयार होते. एका फ्रेमचा उघडकाळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत ठेवावा. मोटर असली तरी तीन मिनिटांत थांबलेले बरे. गुरूची एक फेरी दहा तासांच्या आत पूर्ण होते. तीन मिनिटांत त्याच्या मध्यावरच्या खुणा सुमारे पाऊण विकला सरकतात, आणि सहा इंची दुर्बिणीला जेमतेम तेवढेच अंतर वेगळे दिसते.

पाखडण्याचे काम संगणक करतो. ‘पिप’ हा प्रोग्राम सरकणारे बिंब प्रत्येक फ्रेमच्या मध्यावर आणतो. ‘ऑटोस्टॅकर्ट’ फ्रेमची प्रत लावून त्यांतल्या चांगल्या वीसेक टक्के एकमेकींवर रचतो. सहाशे फ्रेम रचल्या की चित्रातला रवाळपणा सुमारे चोविसाव्या हिश्श्यावर येतो. तरीही हाती येते ती गुळगुळीत, धुरकट चकती, आणि नवशिक्या इथेच खट्टू होतो. तपशील तिच्यात दडलेला असतो. ‘रेजिस्टॅक्स’मधल्या वेव्हलेटच्या सरकपट्ट्या ओढत गेले की गुरूच्या पट्ट्यांच्या कडांवरचे वळसे वर येतात. सरकपट्टी फार ओढली, तर बिंबाला पांढरी किनार येते आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कडी उमटतात. पहिल्या चित्रात हे बहुतेकांकडून होतेच.

चित्राखाली तारीख आणि वेळ लिहावी. निरीक्षक ती जागतिक वेळेत लिहितात, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ नवा काळा डाग दिसला. कुठलीशी वस्तू गुरूवर आदळल्याची ती खूण होती, आणि ती टिपली गेली होती घरच्या दुर्बिणीतून. वेळ लिहिलेली असली की प्रसिद्ध तांबडा डाग चित्रात का नाही, हेही उलगडते. तो गुरूच्या पाठीमागे असेल, तर समोर यायला पाच तास लागतात. प्रतियुतीच्या सुमारास गुरू रात्रभर आकाशात असतो, त्यामुळे त्या डागासाठी गच्चीवर पहाटेपर्यंत थांबता येते.