व्यायामशाळेत उभा राहिलेला कागदी समुद्र

ऑक्टोबर 1929 मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि 1933 पर्यंत अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एकाच्या हाताला काम उरलं नाही. बँका हजारोंनी बुडाल्या. अशा दिवसांत कॉलेजं ओस पडली असतील, असंच आपल्याला वाटतं. पण आकडे पाहिले की थक्क व्हायला होतं. 1929-30 मध्ये तिथल्या कॉलेजांत सुमारे 11 लाख विद्यार्थी होते. मंदीच्या अगदी कडाक्यात, 1933-34 मध्येही, साडेदहा लाख! दोनच वर्षांत हा आकडा 12 लाखांवर गेला. बाहेर नोकरीच नव्हती, मग शिक्षण सोडून करायचं काय?

प्रश्न होता राहण्याखाण्याचा. नॉर्थ डकोटा विद्यापीठात विद्यार्थी चक्क रेल्वेच्या जुन्या गार्डच्या डब्यांत राहत. त्या वसाहतीचं नावच ‘कॅम्प डिप्रेशन’. भाडं रोख द्यायचं नाही, विद्यापीठाच्या आवारात काम करून फेडायचं. तिथला हिवाळा भयानक, पारा कधी कधी उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. त्या थंडीत डब्यातल्या शेगडीपाशी बसून या मुलांनी अभ्यास केला, हे मला कुठल्याही पराक्रमाइतकंच मोठं वाटतं.

पुढे नाटककार म्हणून गाजलेला आर्थर मिलर 1934 मध्ये मिशिगन विद्यापीठात आला, तो मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात आठवड्याला 15 डॉलरवर राबून साठवलेल्या पैशांवर. 1935 मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा आणि शिका’सारखी योजना काढली, तेव्हा त्याला प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाऊ घालायचं काम मिळालं. पगार महिन्याला 15 डॉलर.

आणि ही मुलं नाचतही होती! फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, नाहीतर ‘स्विंग’ या नव्या शैलीची चाहूल देणारं संगीत. मला सर्वांत भुरळ घालतात ते एखादी कल्पना धरून रंगवलेले नाच. कॉलेजच्या व्यायामशाळेचं एका रात्रीत चाच्यांचं जहाज व्हायचं, समुद्राचा तळ व्हायचा, नाहीतर सर्कशीचा तंबू. ही किमया होती क्रेप कागदाची. तो स्वस्त, भडक रंगांचा, आणि ओढला की ताणला जातो. त्यामुळे पिळून त्याची वेल होते, चुण्या घालून लाट होते. त्याचे पोशाखसुद्धा शिवत! हा कागद विकणाऱ्या डेनिसन कंपनीने सजावट आणि वेशभूषा शिकवणाऱ्या पुस्तिकाच छापल्या होत्या. खिशात पैसे नसताना हाताशी वेळ आणि मित्र असले, की एवढं सगळं उभं करता येत होतं.

‘हार्ड टाइम्स पार्टी’ हा प्रकार तर मंदीच्या आधीपासूनचा. ठिगळं लावलेले कपडे, गोणपाट, जुनी ओव्हरऑल घालून यायचं. आता घरोघरी खरंच ठिगळं होती, आणि त्या पोशाखात कुणाच्या घरी किती चणचण आहे, हे त्या रात्रीपुरतं ओळखू येत नसे. माझ्या मते त्या नाचाचं खरं औदार्य यातच होतं.

कॉलेजच्या नाचांत प्रत्येक मुलीच्या मनगटाला दोरीने बांधलेली इवलीशी पुस्तिका असे, सोबत बोटभर पेन्सिल. पानावर नाचांचे क्रमांक. कोणता नाच कुणाबरोबर, ते नाव समोर लिहायचं. दक्षिणेकडच्या कॉलेजांत जोडीदार नसलेले मुलगे कडेला रांगेत उभे राहत आणि नाचणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याची जागा घेत. लोकप्रिय मुलीला एका गाण्यात कितीतरी जोडीदार बदलावे लागत.

कॉलेजच्या पोरांचा लाडका वाद्यवृंद होता ‘कासा लोमा’. त्यातले वादक स्वतःच त्याचे भागधारक होते, नफाही वाटून घेत. तिकडे बर्कली या विद्यापीठाच्या गावात 1933 मध्ये विद्यार्थी सहकारी वसतिगृह उभारत होते. स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळं आपसांत वाटून. एकट्याला न परवडणारं दहाजणांनी मिळून मिळवायचं, ही त्या पिढीची युक्ती संगीतातही होती आणि स्वयंपाकघरातही.

त्या काळच्या नाचाच्या पुस्तिका आणि कॉलेजांची वार्षिकं अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या संग्रहांत जपलेली आहेत. बरीच आता इंटरनेटवर मोफत पाहता येतात. त्यातली 1931 ते 1934 ची वार्षिकं जरूर उघडून बघा.