दत्तकाचा सातबारा

कुरुंद्यात काय आणि सगळ्या वसमत तालुक्यात काय, कुणी दत्तक घेतलं असं कळलं की पहिली कुजबुज सातबाऱ्याची. पोर कुणाचं, कसं, हे मागाहून. चुलतभावांचे चेहरे उतरतात. नवल नाही, कारण दत्तकाची गाठ आपल्याकडे वारशाशीच बांधलेली. सातारा १८४८ मध्ये आणि झाशी १८५४ मध्ये खालसा झाली, तीही इंग्रजांनी दत्तक वारस नाकारला म्हणून.

ख्रिस्ती धर्मातली एक मूळ श्रद्धा ‘दत्तक’ याच शब्दावर उभी आहे, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं. माणूस देवाचं दत्तक लेकरू होतो, असं पौलाने रोम, गलतिया आणि इफिस इथल्या मंडळींना लिहिलेल्या पत्रांत सांगितलं. ही पत्रं पहिल्या शतकातली. पौल स्वतः रोमन नागरिक होता, आणि रोमन लोक दत्तक घेत ते घराणं चालावं म्हणून, बहुधा जाणत्या वयाचा मुलगा बघून. इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने अठरा वर्षांचा ऑक्टेव्हियन त्याचा मुलगा ठरला. पुढे तोच सम्राट ऑगस्टस झाला. त्यामुळे पौलाची पत्रं वाचणाऱ्यांना दत्तक म्हणजे काय हे समजावून सांगायची गरजच नव्हती.

पण पौलाने त्यात एक गोष्ट उलटी केली. दत्तक घेणाऱ्याची अडचण असते: मूल नाही, पिंड कोण देणार, नाव कोण लावणार. इथे तशी अडचणच नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाला येशू हा पुत्र आहेच. तरीही तो परक्यांना घरात घेतो, आणि गरज असते ती लेकरांना. शिवाय ही लेकरं आश्रित नव्हेत, येशूबरोबरचे वारस. येशू प्रार्थनेत देवाला ज्या अरामी शब्दाने हाक मारी, त्या ‘अब्बा’ने त्यांनीही हाक मारायची. वारस वाढले म्हणून कुणाचा वाटा घटत नाही. भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे पटायला जडच जाईल.

महाराष्ट्रात या श्रद्धेला सर्वात ठसठशीत रूप मिळालं ते पुणे जिल्ह्यातल्या केडगावला. पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गमावले होते. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. या मुलींना शास्त्रोक्त दत्तक कुणी घेतलं नसतं. दत्तक हवा असे तो मुलगा. केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्या शिकल्या, शेती केली, विणकाम केलं, छापखाना चालवला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यातून निघालं. त्यांच्या धर्मांतरावर वाद झाले, आजही होतात. पण ज्यांना कुणी वाली नव्हता त्यांच्या हाती विद्या आणि हुन्नर दिला, हे विरोधकांनाही नाकारता येणार नाही.

आता खरा विरोधाभास. देवाचे दत्तक म्हणवणाऱ्या भारतीय ख्रिस्ती माणसाला स्वतः मूल दत्तक घ्यायला कायदाच नव्हता! १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. त्याने मुलींनाही दत्तक घेण्याची वाट खुली केली. ख्रिस्ती जोडप्याच्या वाट्याला आला १८९० चा पालकत्वाचा कायदा. त्यात मूल वाढवता येई, पण ते पाल्यच राहत असे. मृत्युपत्र केलं नाही तर वारसाहक्क नाही. म्हणजे पौलाने जे वारसपण मध्यावर ठेवलं, नेमकं तेच गळालं. पुढे बाल न्याय कायद्याने सर्वधर्मीयांना दार उघडलं, आणि शबनम हाश्मी खटल्यात १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, हे स्पष्ट केलं. आपापला वैयक्तिक कायदा पाळण्याची मुभाही ठेवली.

म्हणून कुरुंद्यातल्या, वसमतमधल्या ज्या घरांना मूल हवं आहे, त्यांनी दवाखान्यातल्या किंवा नात्यातल्या मध्यस्थामार्फत परस्पर मूल आणण्याच्या फंदात पडू नये. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संस्थेकडे रीतसर नोंदणी करावी. हिंगोलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करता येते. तिथे धर्म आड येत नाही, आणि आलेलं मूल कायद्याने पोटच्या पोराइतकंच वारस असतं.