बाटलीचा दादरा

आमच्या घरची बोली दखनी. पण लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधायच्या फडक्याला अम्मीही ‘दादरा’च म्हणायची. दादऱ्याची गाठ ती स्वतःच्या पद्धतीने मारायची. आम्हा पोरांपैकी कुणी बरणीत हात घातला की गाठ वेगळी दिसायची आणि पाठीत धपाटा बसायचा. हल्ली बाटलीच्या गळ्यावर जी चकचकीत प्लास्टिकची टोपी घट्ट बसलेली असते, तिचं काम त्या गाठीचंच.

माझी धाकटी बहीण कळमनुरीला बचत गटातल्या बायकांबरोबर आवळ्याचं सरबत करते. तिने अशा टोप्या आणल्या. दुकानदार त्यांना ‘श्रिंक’ म्हणतात. बाटलीवर चढवली तर ढगळ, आणि गरम हवा लागली की डोळ्यांदेखत आवळत जाते. यातली जादू साधी आहे. कारखान्यात पीव्हीसीची पातळ नळी गरम असताना रुंद ताणतात आणि ताणलेली असतानाच थंड करतात. आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तशाच अडकून पडतात. पुन्हा ऊब मिळाली की त्या सुटतात, मूळ आकाराकडे परतू लागतात आणि वाटेत बाटलीचा गळा आला की त्यालाच बिलगून बसतात.

बायकांनी आधी उकळतं पाणी वापरलं. बाटली उलटी धरून गळा दोन-तीन सेकंद बुडवला की झालं. पण टोपीखाली पाणी अडकलं तर बुरशी धरते. केस वाळवायच्या ड्रायरने जमतं, पण वेळ फार जातो. शेवटी हीट गन घेतली. तिची हवा तीनशे अंशांच्याही वर जाते आणि पीव्हीसीला शंभरच्या आसपास पुरे. म्हणून गन वीतभर लांब धरायची, बाटली सारखी फिरवत राहायची. एका जागी थांबलात तर भोक पडलंच! गळा कोरडा हवा, नाहीतर सुरकुत्या येतात. टोपीच्या माथ्यावरची बारीक छिद्रं आतली हवा निघायला असतात, ती बुजवू नयेत. आणि गॅसच्या ज्योतीवर हा उद्योग कधीच करू नये. जळणाऱ्या पीव्हीसीतून आम्लाचा धूर निघतो, तो घसा सोलून काढतो.

मुळात ही टोपी वाइनच्या बाटलीची. युरोपात बुचाला उंदीर आणि किडे लागू नयेत म्हणून ती शिशाची करत. शिसं विषारी, म्हणून अमेरिकेने 1996 मध्ये त्यावर बंदी घातली. इतर मालाच्या सीलबंदीला मात्र वेगळंच निमित्त झालं. 1982 मध्ये शिकागो परिसरात दुकानातल्या टायलेनॉलच्या बाटल्यांत कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं दगावली. त्याच वर्षी तिथल्या सरकारने दुकानात मिळणाऱ्या औषधांना, उघडलं तर लगेच कळेल असं वेष्टण सक्तीचं केलं. म्हणजे टोपी फक्त साक्ष देते. हवा रोखायचं काम तिच्या खालच्या झाकणाचं.

हे आम्हाला उशिरा उमगलं. मधुमेहाची गिऱ्हाइकं ‘साखर कमी करा’ म्हणत होती, बहिणीने केली. साखर हीच सरबताची राखणदार, ती उतरली आणि यीस्टला रान मोकळं झालं. रमजानमध्ये एका घरी इफ्तारच्या दस्तरखानावर बाटली उघडली, तर ‘फस्स’ आवाज आणि वास थेट दारूचा! शरबत आणि शराब एकाच अरबी धातूतून आलेत, हे मला ठाऊक होतं, पण अशा वेळी ते कुणाला सांगणार? ‘‘भाईजान, सील तर साबूत होतं,’’ बहीण रडवेली होऊन म्हणाली. तेच तर! सील साबूत होतं, म्हणजे मधे कुणी हात लावला नव्हता. चूक आमच्याच पातेल्यात होती. उलट त्या चकचकीत टोपीखाली झाकणाकडून पाझरलेला फेस कुणाला दिसलाच नाही. नशीब, काच फुटली नाही.

तो सगळा घाणा ओतून दिला, पैसे परत केले. त्या महिन्यात गटाच्या हाती दमडी आली नाही. आता साखर पूर्वीइतकी. झाकण लावून बाटल्या पंधरा दिवस तशाच ठेवतात. रोज उजेडात धरून बुडबुडे दिसतात का ते पाहतात, झाकणाभोवती बोट फिरवतात, चिकट लागलं तर बाटली बाजूला. श्रिंक त्यानंतर. लेबलावरची तारीख मात्र मी लिहितो. बहिणीच्या मते कवीचं अक्षर तेवढ्याच कामाचं आहे.