पॅरिसच्या मिठाईत साखर किती?

परदेशवारी करून आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न ‘काय पाहिलंसा?’ असा करतात. आम्हाला मात्र परतल्यापासून शेतकी ऑफिसात, वजनकाट्यावर, अगदी तोडणीच्या फडातसुद्धा ‘काय खाल्लंसा?’ हेच विचारले जात आहे. ऑक्टोबर महिन्यात, आपले बॉयलर पेटण्याआधी, आम्ही बारा सभासद उत्तर फ्रान्समधील साखरबीटाची शेती पाहण्यास गेलो होतो. (खर्च ज्याचा त्याने केला. कारखान्यावर एका पैशाचा बोजा नाही, हे वार्षिक सभेत कोणी विचारण्याआधीच सांगून ठेवलेले बरे.) जाता-येता मिळून पॅरिसमध्ये चार दिवस मुक्काम पडला. तेव्हा आमच्यातले एक तात्या म्हणाले, “मनोरे आणि राजवाडे समदेच बघतात. आपण साखर जिथं शेवटी जाते ती दुकानं बघू.” गोदामातून साखरेचा ट्रक बाहेर पडला की पुढे तिचे काय होते हे आपल्यापैकी फारसे कोणी पाहत नाही. तात्यांचे म्हणणे सर्वांना पटले. आपल्याच तालुक्यातला एक मुलगा तिथे शिकायला आहे, तो वाटाड्या म्हणून मिळाला आणि आम्ही दुकाने पालथी घालायला निघालो.

तिथे पावाचे दुकान आणि गोडाचे दुकान या मूळच्या दोन वेगळ्या गोष्टी. पावाचे ते ‘बुलांजरी’, गोडाचे ते ‘पातिस्री’. आता पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच छपराखाली असतात, पण पाटी लावण्याचा कायदा कडक आहे. २५ मे १९९८ च्या कायद्याप्रमाणे पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सारे काम जिथल्या तिथे होत असेल, तरच दुकानावर ‘बुलांजरी’ हे नाव लावता येते. गोठवलेला माल बाहेरून आणून नुसता गरम करून विकणाऱ्याला ती पाटी नाही. १९९३ च्या एका हुकुमाने पारंपरिक पावात बाहेरची रसायने घालायलाही बंदी झाली. हा हातभर लांबीचा पाव म्हणजे ‘बागेत’. तो करण्याच्या कलेची २०२२ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आमच्यातले आबा माळकरी आहेत, अंडे त्यांना चालत नाही. चार दिवस त्यांचा मुख्य आधार हा पावच होता. ‘आबा कुठं हायत?’ ‘बागेत!’ ही थट्टा मग परतीच्या विमानापर्यंत चालली.

पहिले दुकान पाहिले ते मोंतोर्गय नावाच्या रस्त्यावरचे. ‘स्तोरेर’ हे त्याचे नाव आणि स्थापना १७३० ची. पोलंडच्या राजाची मुलगी १७२५ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईला दिली, तेव्हा तिच्याबरोबर हा स्तोरेर नावाचा आचारी व्हर्सायच्या राजवाड्यात आला आणि पाच वर्षांनी त्याने पॅरिसात दुकान थाटले. पॅरिसमधले सर्वांत जुने मिठाईचे दुकान म्हणून त्याचा मान आहे. तिथला नावाजलेला पदार्थ ‘बाबा’. आंबवलेल्या पिठाचा स्पंजासारखा केक, तो पाकात बुडवून वर रम ओततात. माहेरून लेकीबरोबर आचारी धाडण्याची रीत तिकडेही होती हे ऐकून बरोबरच्या वहिनींना गंमत वाटली. आमचे लक्ष मात्र रमकडे गेले. ती उसाच्या रसाची नाहीतर मळीची. आपल्या आसवनीजवळून वारा आला की जो वास येतो, त्याचाच एक सभ्य नातेवाईक त्या बशीतून येत होता. पुढे लक्षात आले की तिकडच्या मिठाईत ऊस भेटतो तो एवढ्यापुरताच, फार तर उसाच्या तांबूस साखरेत. बाकी सारे पांढरे काम बीटाच्या साखरेवर चालते.

काचेआड मांडलेले प्रकार किती सांगावेत! ‘एक्लेअर’ म्हणजे वीज, बहुधा खाताना विजेसारखे संपते म्हणून. ‘पारी-ब्रेस्त’ हे पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशा सायकल शर्यतीच्या सन्मानार्थ १९१० साली निघाले. आकार सायकलच्या चाकाचा, पोटात बदाम-हेझलनटची मलई. आम्हाला विचाराल तर सबंध पॅरिसात चवीला पहिला नंबर याचा. दुसरा नंबर ‘शुकेत’ नावाच्या साध्या पोकळ फुग्यांचा, ज्यांवर साबुदाण्याएवढे पांढरे साखरेचे खडे चिकटवलेले असतात. कागदी पिशवीत घालून देतात, चालता चालता खायचे.

ज्याचे नाव आपल्या पोराबाळांनीसुद्धा मोबाइलवर ऐकले आहे ते ‘मॅकरॉन’ मात्र चालता चालता खायची वस्तू नव्हे. तिथले लोक ‘मकाराँ’ म्हणतात. रुपयाच्या दोन नाण्यांपेक्षा थोड्या मोठ्या, गोल, रंगीत टोप्या एकमेकींवर पालथ्या घातलेल्या, मध्ये सारण. ‘लाद्युरे’ या दुकानाची सुरुवात र्यू रॉयाल या रस्त्यावर १८६२ साली झाली. दोन टोप्या जोडून मध्ये सारण भरायची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच घराण्यातल्या एकाची, असे सांगतात. पिएर एर्मे हा दुसरा नामांकित कारागीर. गुलाब, लिची आणि रास्पबेरी एकत्र करून त्याने काढलेली चव खाताना आम्हाला घरच्या गुलकंदाची आठवण झाली. टोपी दाताखाली अंड्याच्या कवचासारखी फुटते, आत मऊ, आणि मग गोड. इतके गोड की तात्यांनी दुसरा घेतला नाही. “साखर पिकवणाऱ्यानं साखरेला नावं ठेवू नयेत,” एवढेच बोलले आणि पाणी मागितले.

हे होते कसे ते पाहावे म्हणून एका दुपारी आम्ही पाच जण शिकवणीच्या वर्गात गेलो. तिथली बाई मोठी हसतमुख. तिने ओट्यावर तीन ढीग मांडले: बदामाची पूड तीनशे ग्रॅम, पिठीसाखर तीनशे ग्रॅम, पाकासाठी साखर तीनशे ग्रॅम. बाजूला सातेक अंड्यांचा पांढरा भाग. म्हणजे कोरड्या मालात तीन वाट्यांतले दोन वाटे साखर! साखर पाकात टाकून गॅसवर चढवली आणि बाईने त्यात थर्मामीटर सोडला. ११८ अंशाला थांबायचे, असे तिचे सांगणे. आमच्या काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वाटीत गार पाणी घेतले, चमच्याने पाकाचा थेंब त्यात सोडला, दोन बोटांत वळून पाहिला आणि म्हणाल्या, “गोळीबंद झाला. उतरवा.” थर्मामीटर त्या वेळी ११७ दाखवीत होता.

त्या मुलाने हे भाषांतर करून सांगितले तेव्हा बाई खुशीत आल्या. तिकडेही या पाकाचे नाव ‘पती बुले’, म्हणजे ‘लहान गोळी’ असेच आहे. त्याआधीच्या पाकाला ‘फिले’, म्हणजे तार. लहान तार, मोठी तार. आपला एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद त्यांच्या पुस्तकांत तसाच्या तसा! थर्मामीटर नव्हते तेव्हा त्यांचे जुने कारागीरही गार पाण्यात थेंब सोडूनच पाहत. मग बाईंनी पुढची भांडी काकूंच्याच हाती दिली.

हा उकळता पाक फेटलेल्या पांढऱ्या फेसावर बारीक धारेने ओततात. आपण समजतो साखर गोडीसाठी. इथे ती चुन्यासारखी बांधकामाला आहे. नुसता फेस घटकाभरात पाणी सोडून बसतो. साखर ते पाणी धरून ठेवते, म्हणून फेस उभा राहतो. त्यात बदामपूड आणि पिठीसाखर मिसळून टोप्या पाडतात, वर साय धरेपर्यंत अर्धा तास तशाच ठेवतात, मग भट्टीत. साय धरलेली असल्याने वाफ वरून निघू शकत नाही, ती खालच्या कडेने निघते आणि टोपीला झालर फुटते. उसाला बुडातून फुटवा यावा तशी. झालर फुटली नाही तर माल वाया. शेवटी सारण भरून एक दिवस थंडीत ठेवतात, तेव्हा सारणाची ओल टोपीत उतरून ती आतून मऊ होते. काकूंच्या पहिल्या घाण्याला सगळीकडून सारखी झालर आली. आमच्या टोप्यांविषयी न बोललेले बरे.

वाटेत आणखी एक दुकान लागले, तिथे बारशाला आणि लग्नाला वाटायचे ‘द्राझे’ होते. बदामाला साखरेचे एकावर एक पूट चढवून गुळगुळीत केलेले. वहिनी पाहताच म्हणाल्या, “अगंबाई, हा तर हलवा!” खरेच, आपल्याकडे संक्रांतीला तिळावर पाकाचे पूट चढवतात, त्याचाच हा थोरला भाऊ, फक्त काटा नाही. आबांनाही इथेच काहीतरी सापडले. फळांचा गर, साखर आणि फळातूनच काढलेले पेक्टिन आटवून केलेल्या वड्या. अंडे नाही, काही नाही. त्यांनी दोन डबे घेतले.

रात्री मुक्कामावर हिशेब निघाला. तो निघणारच होता. नामांकित दुकानात एक मॅकरॉन अडीच-तीन युरोला पडतो, म्हणजे आपले अडीचशे-तीनशे रुपये. वजन वीस ग्रॅमच्या आतबाहेर. त्यात निम्मी साखर धरा, दहा ग्रॅम. किलोला चाळीस रुपये भाव धरला तर साखर झाली चाळीस पैशांची. हीच साखर उसाची असती तर १०.२५ टक्के उताऱ्याने दहा ग्रॅमला साधारण शंभर ग्रॅम ऊस लागला असता; उसाचे एखादे पेर. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, त्या दराने पेराचे झाले साडेपस्तीस पैसे. त्यातूनच तोडणी-वाहतूक. मधल्या साडेचार पैशांत गाळपाचा खर्च आणि बँकेचे व्याज, त्यासाठी मळी-बगॅसकडे पाहायचे. सभासदांना हे गणित आम्ही काय सांगावे!

तरुण सभासद तापले. “तीनशे रुपयांतले पस्तीस पैसे? मग आपण साखर का विकायची, मिठाईच विकू.” तात्यांनी त्यांना विचारले, “भाडं किती असंल त्या दुकानाला? बदाम काय भावानं?” बराच वेळ वाद झाला. आमचे मत असे की दुकानदार लुटतो हे म्हणणे खरे नाही. मॅकरॉनमध्ये सर्वांत महाग आहे ती झालर, म्हणजे तो हात, आणि नंतर नाव. पण दुसरी एक गोष्ट आम्हाला जास्त टोचली. तिथे किराणा दुकानात साखर ‘साखर’ म्हणून मिळतच नाही. पिठीसाखर वेगळी, खड्याची वेगळी, चौकोनी वड्यांची वेगळी, आणि मिठाईवाल्याची ‘सेमूल’ वेगळी. सेमूल म्हणजे रवा. रव्यासारखा बारीक आणि एकसारखा दाणा, पाकात पटकन विरघळणारा. आपण एस-३० आणि एम-३० अशी दाण्याची प्रत लावतो ती व्यापाऱ्यासाठी. पोत्यावरची ती खूण गृहिणीपर्यंत पोहोचतच नाही. पिठीसाखर ओल धरून गोळे होते म्हणून तिकडे त्यात थोडा स्टार्च घालतात. यात विलायती जादू काही नाही. दळायचे, चाळायचे, पाकिटात भरायचे. आपल्याकडच्या काही कारखान्यांनी किलोची पाकिटे काढलीच आहेत. आपल्या संचालक मंडळाने निदान पिठीसाखरेचा हिशेब एकदा मांडून पाहावा, हे आम्ही लेखीही कळवले आहे.

त्या पाकिटांवरची नावे वाचताना आणखी एक गोष्ट कळली. ‘डॅडी’ नावाची साखर क्रिस्ताल युनियनची, आणि ती बीट उत्पादकांचीच सहकारी संस्था. तेरेओस ही दुसरी मोठी संस्था, तीही सहकारी. म्हणजे कॉफीच्या बशीत येणारी साखरेची पुडीसुद्धा कुणा सभासदाच्या शेतातली असू शकते. या साखरेचा जन्मही नडीतून झालेला. नेपोलियनच्या काळात इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला आणि वसाहतींची उसाची साखर फ्रान्सात येईनाशी झाली. मार्च १८११ मध्ये त्याने ३२,००० हेक्टरवर बीट लावण्याचा हुकूम काढला. जानेवारी १८१२ मध्ये पासी येथे बेंजामिन देलेसेरने बीटाची चांगली साखर करून दाखवली, तेव्हा नेपोलियनने आपल्या छातीवरचे पदक काढून त्याला दिले असे सांगतात. पासी आता पॅरिस शहरातच आले आहे. तिथे देलेसेरच्या नावाचा रस्ता आहे, आम्ही मुद्दाम त्यावरून चालत गेलो.

पण ‘त्यांचे बरे आहे’ असे कोणी समजू नये. युरोपात साखरेला कोटा होता, तो ३० सप्टेंबर २०१७ रोजी संपला. मागोमाग भाव कोसळले आणि २०२० साली फ्रान्समधले चार कारखाने बंद झाले. तीनशे रुपयांचा मॅकरॉन त्या वर्षी काही स्वस्त झाला नव्हता, एवढे आमच्या वाटाड्याने आवर्जून सांगितले.

येताना सेमूल साखरेचे एक किलोचे पाकीट आणले आहे. ते शेतकी ऑफिसात टेबलावर ठेवले असून शेजारी दोन बशांत आपली एस-३० आणि एम-३० ठेवली आहे. सभासद बंधु-भगिनींनी ऊसनोंदीला याल तेव्हा तिन्ही चिमटीत घेऊन, हातावर घासून पाहावी आणि आपले मत तिथल्या वहीत लिहावे. मॅकरॉनचा डबा प्रवासात दबून त्यातल्या टोप्या फुटल्या, तो चुरा मुलांनी खाल्ला. आबांच्या फळांच्या वड्या विचारू नका, त्या संपल्या.