मार्शमेलोच्या आधी त्रिनिदाद

स्वनियंत्रणाचं संशोधन म्हटलं की मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल आणि स्टॅनफर्डची बिंग बालवाडी आठवते. माझ्या मते ही गोष्ट त्याआधी, 1958 साली प्रसिद्ध झालेल्या त्रिनिदादच्या अभ्यासापासून सांगायला हवी. तिथल्या भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या मुलांना मिशेल विचारत होते: छोटा खाऊ आत्ता घेणार, की मोठा आठवड्याने? दोन्ही गटांची उत्तरं वेगळी आली. पण घरात वडील आहेत की नाहीत, हे पाहिल्यावर त्या फरकाचा बराच उलगडा झाला. खाऊ आणून देईन म्हणणाऱ्या परक्या माणसावर मुलाने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता.

बिंगमध्ये तो मागे पडला. एक मार्शमेलो आत्ता, की थोडं थांबून दोन, अशी निवड मुलांपुढे ठेवताना तिथे मिशेलना लक्ष वळवण्याची युक्ती सापडली: खाऊ झाकला किंवा मार्शमेलो म्हणजे ढग आहे असं मानलं, की मुलं जास्त वेळ थांबतात. हा शोध मोलाचा होता. पुढे 1990 मध्ये थांबण्याच्या वेळेचा किशोरवयातल्या परीक्षेच्या गुणांशी संबंध दिसला आणि लोकांनी युक्ती विसरून भाकीत तेवढं उचललं. 2011 मध्ये त्याच मुलांपैकी काहींच्या, आता चाळिशीत असताना, मेंदूचं स्कॅनिंग झालं. मोहाला आवर घालताना पूर्वी थांबलेल्यांचा मेंदूचा पुढचा भाग अधिक सक्रिय होता, न थांबलेल्यांचा बक्षिसाशी निगडित खोल भाग. वर्तन आणि मेंदू जोडले गेले, घर मात्र बाहेरच राहिलं.

ते 2013 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांच्या प्रयोगाने आत आलं. 28 मुलांपैकी निम्म्यांना आधी चांगले रंग आणि स्टिकर देतो सांगून दिलेच नाहीत. मग मार्शमेलो ठेवला. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवलेली 3 मिनिटं. मला हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वाटतो. मुलाच्या 'स्वभावा'त आपण जे शोधत होतो, त्यातलं बरंच काही समोरच्या मोठ्या माणसाच्या वागण्यात होतं.

2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900हून अधिक मुलांची माहिती तपासली. भाकिताचं बळ मूळच्या निम्मंच निघालं. घरची परिस्थिती आणि लहानपणची बुद्धी लक्षात घेतल्यावर तेही दोन तृतीयांशाने घटलं. त्याच वर्षी मिशेल गेले.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे: चॉकलेट समोर ठेवून मुलाचं भविष्य पाहू नका. त्याला दिलेला शब्द पाळा.