पंचवीस सेकंदांचं कोडं

10 नॅनोटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात पाण्याच्या आयनाला एक गिरकी पूर्ण करायला सुमारे 118 सेकंद लागतात. प्रोटॉनला साडेसहा, पाण्याचा रेणू 18 पट जड, म्हणून वेळही 18 पट. हे क्षेत्र किती क्षीण? अलिबागजवळच्या नागावच्या वाळूत उभं राहिलं तर पृथ्वीचं क्षेत्र भरतं सुमारे 40 हजार नॅनोटेस्ला.

असे आयन धूमकेतूभोवती तयार होतात. उन्हाने धूमकेतूच्या बर्फाची वाफ होते, वाफेतले रेणू आयन बनतात आणि सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने वाहणारा सौरवारा त्यांना ओढून नेतो. चुंबकीय रेषांभोवती ते फिरू लागले की प्लाझ्मात लाटा उठतात. 11 सप्टेंबर 1985 रोजी 'आइस' यान जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून, केंद्रकापासून 7,800 किलोमीटरवरून गेलं. लाटांचा आवर्तकाल निघाला सुमारे 100 सेकंद. म्हणजे लाटा पाण्याच्या आयनांच्याच.

रोझेटा यान ऑगस्ट 2014 मध्ये 67पी धूमकेतूजवळ पोहोचलं आणि हिशेब फिसकटला. लाटा 40 ते 50 मिलिहर्ट्झच्या, म्हणजे 20 ते 25 सेकंदांच्या. इतक्या वेगाने पाण्याचे आयन फिरायला 47 ते 59 नॅनोटेस्ला हवेत. प्रत्यक्ष क्षेत्र त्याहून बरंच कमी होतं. या लाटांची वारंवारता 10 हजार पट वाढवून तयार केलेला आवाज 'गाणारा धूमकेतू' म्हणून जगभर गाजला. मला मात्र त्या आवाजापेक्षा न जुळलेला आकडा अधिक मोलाचा वाटतो.

उत्तर अंतराच्या गणितात आहे. 10 नॅनोटेस्लात, सेकंदाला 400 किलोमीटरच्या वेगाने, आयनाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 7,500 किलोमीटर होते. सूर्यापासून दूर असलेल्या 67पीभोवतीचं आयनांचं दाट क्षेत्र त्याहून फारच लहान होतं. तिथे आयनाची गिरकी पुरी होतच नाही. नवे आयन जवळजवळ सरळ, चुंबकीय रेषांना आडवे निघतात. तो एक विद्युतप्रवाहच, आणि त्याच्या अस्थिरतेतून लाटा उठतात, असं स्पष्टीकरण संशोधकांनी मांडलं आहे.

10 ते 45 सेकंदांची स्पंदनं जमिनीवरच्या वेधशाळांतही उमटतात. त्यांना 'पीसी-3' म्हणतात. त्यांतली बरीच पृथ्वीसमोर सौरवारा अडतो त्या आघातरेषेवरून सूर्याकडे परतवलेले प्रोटॉन निर्माण करतात. आवर्तकाल 67पीच्या लाटांइतकाच, पण कर्ते वेगळे.