डिस्क चोरीला गेली तरी माहिती जाऊ नये

लिनक्सच्या लॅपटॉपला लॉगिनचा कितीही अवघड पासवर्ड घातला, तरी त्यातली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फोटो, बँकेची कागदपत्रं, पत्रव्यवहार सारं काही वाचता येतं. पासवर्ड कुणी विचारतच नाही. डिस्क काढायचीही गरज नसते. बहुतेक लॅपटॉपवर पेन ड्राइव्हमधून दुसरं लिनक्स सुरू केलं तरी काम होतं. लिनक्स सुरक्षित असतं असं ऐकलेल्यांना हे पटत नाही. लिनक्स सुरक्षित आहेच, पण ती सुरक्षितता कुणाच्या पहाऱ्यावर अवलंबून आहे, ते समजून घ्यायला हवं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा फाइलच्या परवानग्यांची पद्धत युनिक्सकडून घेतली. प्रत्येक फाइलसोबत ९ बिट नोंदवलेले असतात. मालक, गट आणि इतर अशा तिघांना वाचणं, लिहिणं व चालवणं यांपैकी कशाची मुभा आहे, ते हे बिट सांगतात. फाइलची परवानगी ६०० ठेवली, की मालक ती वाचू आणि बदलू शकतो, बाकीच्यांना ती बंद. ही व्यवस्था साधी आणि उपयुक्त आहे. तरीही उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर त्याच संगणकावरच्या इतरांना वाचता येत असे. २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून ते आपोआप खासगी होऊ लागलं. जुन्या काळापासून चालत आलेल्या संगणकावर हे एकदा तपासून पाहावं.

पण या ९ बिटांची तपासणी करतं ते सुरू असलेलं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. ते बंद असेल आणि डिस्क दुसऱ्याच कर्नलच्या हाती गेली, तर तिथला प्रशासक, म्हणजे रूट, या परवानग्यांना बांधील नसतो. तेव्हा राखणदार नसतानाही टिकेल असं संरक्षण हवं, आणि ते गणितातूनच मिळतं.

लिनक्समध्ये हे काम मुख्यतः लक्स ही पद्धत करते. क्लेमेन्स फ्रुविर्थ यांनी ती २००४ मध्ये मांडली. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट वाटेतच कूटबद्ध होते आणि वाचताना उलगडली जाते. त्यासाठी सहसा एईएस ही कूटपद्धती वापरतात. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रेमेन या बेल्जियन संशोधकांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने तिला प्रमाण म्हणून स्वीकारलं. आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना असल्याने रोजच्या कामात वेग घटल्याचं सहसा जाणवत नाही.

लक्सची खरी हुशारी किल्लीच्या मांडणीत आहे. डिस्क कूटबद्ध होते ती यादृच्छिक निवडलेल्या मुख्य किल्लीने. आपला पासवर्ड फक्त त्या किल्लीला कुलूप घालतो. त्यामुळे पासवर्ड बदलला तरी सगळी डिस्क पुन्हा कूटबद्ध करावी लागत नाही, आणि एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात. पण रद्द केलेल्या पासवर्डची नोंद डिस्कच्या एखाद्या कोपऱ्यात उरली तर? डिस्क खराब झालेला भाग परस्पर बाजूला टाकते आणि जुना मजकूर तिथे तसाच राहू शकतो. म्हणून लक्स किल्ली सुमारे ४००० पट पसरवून ठेवतं आणि तिचा प्रत्येक अंश असल्याखेरीज ती परत जुळत नाही. थोडासा भाग पुसला गेला तरी जुनी नोंद निकामी होते. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

पासवर्ड एकामागून एक ताडून पाहणाऱ्यांना रोखण्यासाठी नव्या लक्समध्ये आर्गॉन२ हे अल्गोरिदम वापरतात. २०१५ मध्ये पासवर्डविषयक जागतिक स्पर्धेत ते विजयी ठरलं. प्रत्येक प्रयत्नाला ते मुद्दाम भरपूर मेमरी खायला लावतं. आपल्याला डिस्क उघडताना सेकंद-दोन सेकंद लागतात, पण हल्लेखोराला कोट्यवधी प्रयत्न करायचे असतात. मात्र पासवर्ड चार-पाच अक्षरांचा असेल, तर आर्गॉन२ सुद्धा फार काळ तग धरणार नाही.

हे सगळं उघड आहे, कोणीही त्याचा सोर्स कोड वाचू शकतो. कूटपद्धती शत्रूला कळली तरी चालावी, गुपित राहावी ती फक्त किल्ली, असं ऑगस्ट केरकॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं.

संगणक सुरू असताना मात्र डिस्कची मुख्य किल्ली मेमरीत असते. वीज गेल्यावरही मेमरीतला मजकूर काही काळ टिकतो, आणि तेवढ्यात किल्ली काढून घेता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. म्हणून प्रवासात लॅपटॉप नुसता झोपवू नका, पूर्ण बंद करा.

उबुंटू, फेडोरा किंवा डेबियन नव्याने बसवताना डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय समोर येतो. तो तेव्हाच निवडा. नंतर करायचं म्हटलं तर काम बरंच किचकट होतं. लक्सचं शीर्षक, म्हणजे किल्ल्यांची नोंद असलेला डिस्कच्या सुरुवातीचा भाग, त्याची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा आणि फाइलींचा बॅकअपही स्वतंत्र घ्या. इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नसतं. शीर्षक बिघडलं आणि त्याची प्रत नसली, किंवा सगळेच पासवर्ड हरवले, तर ती माहिती मालकालाही परत मिळत नाही.